शाळेच्या आवारातील हिरवळ आणि वनस्पतिजन्य खते

प्राथमिक शाळेच्या आवारात हरळीचा लहानसा पट्टा राखण्याची हौस कित्येक ठिकाणी दिसून येते. कोठे ध्वजस्तंभाभोवती, कोठे ओसरीपुढे, तर कोठे प्रार्थनेच्या जागी दहा-बारा पावलांची जागा कुंपण घालून राखलेली असते. आषाढ-श्रावणात ती आपोआपच हिरवीगार होते. दसरा उलटला की तिचा रंग उतरू लागतो आणि स्नेहसंमेलनाच्या सुमारास ती पिवळी पडते. मग कोणी तरी हौशी गृहस्थ शेतातला उरलेला युरिया आणून देतात व तो मुठीमुठीने फेकला जातो. चार दिवसांनी जेथे मूठ पडली तेथे करपलेले तपकिरी ठिपके उठतात आणि इतरत्र पूर्वीचीच पिवळी छटा राहते. त्याच आठवड्यात शनिवारी सकाळी मुले निंबाखालचा पालापाचोळा झाडून त्याचा ढीग करतात आणि तो पेटवून दिला जातो. एका हाताने खत विकत वा मागून आणावयाचे व दुसऱ्या हाताने आवारातलेच खत जाळावयाचे, असा हा व्यवहार आहे.

हा व्यवहार उलटा करणे अवघड नाही. मात्र त्यासाठी कोणते वनस्पतिजन्य खत शाळेच्या आवारास योग्य व कोणते अयोग्य, याची नीट पारख हवी. शेतास जे उत्तम ते मुलांच्या खेळण्याच्या जागेस उत्तम असेलच असे नाही. किंबहुना या निवडीत नत्राच्या टक्केवारीपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीस अधिक महत्त्व द्यावे लागते. ती गोष्ट म्हणजे त्या जागेवर अनवाणी फिरणारी, मातीत हात घालणारी आणि तोच हात तोंडात घालणारी लहान मुले होत.

हरळीची गरज

प्रथम हरळीविषयी थोडेसे. शेतकरी जिला शेताचा शत्रू मानतो व जिच्या काशा वेचताना त्याची कंबर मोडते, तीच ही वनस्पती. गणपतीस वाहिली जाणारी दूर्वाही तीच. तिच्या भूमिगत काशा व जमिनीवर सरपटणारे धुमारे यांमुळे ती तुडवणूक सहन करते, दुष्काळात वरून वाळली तरी खालून जिवंत राहते आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटते. तिला मोकळे ऊन हवे. दाट सावलीत ती विरळ होत जाते, म्हणून वडाखाली अगर पटांगणाच्या उत्तरेकडील इमारतीच्या सावलीत ती लावण्याचा हट्ट धरू नये. ती उष्ण व ओल्या हवेत वाढते. मार्गशीर्ष-पौषातील थंडीत तिची वाढ जवळजवळ थांबते व रंग उतरतो. हा तिचा रोग नसून विश्रांती आहे. अशा वेळी दिलेले खत तिच्या उपयोगी पडत नाही. वर सांगितलेल्या युरियाची अर्धी चूक ही वेळेची चूक होती.

धान्यपिकास फुलोरा व दाणे यांसाठी जी निरनिराळी अन्नद्रव्ये लागतात त्या मानाने गवताची मागणी साधी असते. त्यास मुख्यतः पाने वाढवावयाची असल्यामुळे नत्र अधिक लागते आणि ते एकदम न मिळता थोडेथोडे मिळत राहावे लागते. युरियात ४६ टक्के नत्र असते व ते पाण्यात लगेच विरघळते. प्रमाण व फेकण्याची रीत चुकली की मुळांशी क्षारांची व अमोनियाची तीव्रता वाढून गवत करपते, आणि जे वाचते ते आठ-पंधरा दिवस जोमाने वाढून पुन्हा उपाशी राहते. वनस्पतिजन्य खतातील नत्र बव्हंशी प्रथिनांच्या रूपात बांधलेले असते. जमिनीतील सूक्ष्म जीव ते फोडतील तेव्हाच ते मुळांस मिळते. ऊब व ओल असली की हे जीव काम करतात, थंडी व कोरड पडली की थांबतात. हरळीही नेमकी तेव्हाच वाढते आणि तेव्हाच थांबते. खताचा व गवताचा असा मेळ आपोआप बसतो, हा या खतांचा मोठा गुण होय.

शेणखत का नको, असा प्रश्न खेड्यातील शिक्षकास साहजिकच पडेल. शेणखत उत्तमच आहे. परंतु गावात त्यावर शेताचा पहिला हक्क असतो व शाळेस स्वतःची जनावरे नसतात. शिवाय अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर तणांचे बी व हुमणीसारख्या किडी येतात. धनुर्वाताचे बीजाणू मातीत सर्वत्रच असतात, परंतु जनावरांच्या विष्ठेत त्यांचा वास विशेष असतो, आणि खेळण्याच्या जागेवर गुडघे फुटणे ही रोजची गोष्ट आहे. त्यामुळे भाजीच्या वाफ्यास शेणखत व खेळाच्या हिरवळीस पाला आणि पेंड, अशी वाटणी केलेली बरी. (पाचव्या-सहाव्या, दहाव्या व सोळाव्या वर्षी दिल्या जाणाऱ्या धनुर्वातप्रतिबंधक लसीची नोंद प्रत्येक मुलाच्या बाबतीत पाहिली पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको.)

पेंडीची निवड

तेलबियांतून तेल काढून घेतल्यावर जो चोथा उरतो त्यास पेंड म्हणतात. विदर्भ-मराठवाड्याकडे ढेप हा शब्द अधिक चालतो. पेंडीचे दोन वर्ग आहेत : जनावरे खाऊ शकतात त्या खाद्य पेंडी आणि कडू वा विषारी असल्यामुळे खाऊ शकत नाहीत त्या अखाद्य पेंडी.

खाद्य पेंडींत भुईमुगाची पेंड नत्राने सर्वांत संपन्न पेंडींपैकी एक असून तीत सुमारे ७ टक्के नत्र असते. तिळाच्या पेंडीत सुमारे ६ टक्के व न सोललेल्या सरकीच्या पेंडीत ४ टक्क्यांच्या आसपास असते. आकडे मोहात पाडणारे असले तरी या पेंडी हिरवळीवर टाकणे योग्य नव्हे. गाईम्हशींच्या तोंडचा घास गवतावर टाकण्यात शहाणपण नाही, कारण तीच पेंड आधी जनावराच्या पोटात गेली तर दूध मिळते व त्यातील नत्राचा बराच भाग शेणमूत्राच्या रूपाने शेताकडे परतही येतो. दुसरे कारण व्यावहारिक आहे. भुईमुगाच्या पेंडीचा वास सुटला की रात्रीतून कुत्री, उंदीर, घुशी व मुंग्या गोळा होतात आणि सकाळी हिरवळ उकरलेली आढळते.

अखाद्य पेंडींत एरंडी, निंबोळी, करंज व मोह या चार मुख्य आहेत. यांपैकी एरंडीची पेंड खत म्हणून जुनी व नावाजलेली. ऊसमळ्यांतून व फळबागांतून तिचा वापर पिढ्यान्‌पिढ्या झाला आहे. तीत ४ टक्क्यांहून थोडे अधिक नत्र असते व ती लवकर लागू पडते. तरीही शाळेच्या आवारात ती आणू नये. एरंडीच्या बियांत रायसिन नावाचे अत्यंत तीव्र विष असते. तेल काढताना ते तेलात न उतरता पेंडीतच राहते. पुरेशा उष्णतेची प्रक्रिया झाली असेल तर त्याचा जोर नाहीसा होतो, पण हाती आलेल्या पेंडीवर ती झाली आहे की नाही हे डोळ्यांनी पाहून सांगता येत नाही. ही पेंड खाऊन कुत्री दगावल्याची उदाहरणे पशुवैद्यकास परिचित आहेत. तिची धूळ नाकातोंडात गेल्याने काहींना दम्यासारखा त्रासही होतो. मळ्यात मोठी माणसे ती सांभाळून वापरतात, तेथे तिचे स्थान आहे. बालवाडीच्या मुलांनी बसावयाच्या जागी नाही.

हीच गोष्ट चंद्रज्योतीची, म्हणजे मोगली एरंडाची. तिच्या बिया गोड लागतात म्हणून शाळकरी मुलांनी खाल्ल्या व त्यांना उलट्या-जुलाब होऊन रुग्णालयात न्यावे लागले, अशा घटना महाराष्ट्रात वारंवार घडलेल्या आहेत. तिची पेंडही तितकीच विषारी असते. शाळेच्या कुंपणास चंद्रज्योत लावलेली असेल तर पेंडीचा विचार करण्यापूर्वी ते कुंपण काढणे अधिक निकडीचे आहे.

मोहाच्या पेंडीत नत्र कमी, सुमारे अडीच टक्के असते. तिच्यातील फेसाळ द्रव्यामुळे ती उशिरा कुजते व पहिले काही आठवडे तिचा लाभ दिसत नाही. या द्रव्याने गांडुळे जमिनीवर येऊन मरतात. गुळगुळीत हिरवळीवर गांडुळांच्या मातीच्या गुठळ्या नकोत म्हणून काही माळी ती मुद्दाम वापरतात. शाळेस अशी गुळगुळीत हिरवळ नको आहे, जिवंत माती हवी आहे. तेव्हा गांडुळास मारणारे खत घेऊ नये. मोहाची पेंड पाण्यात गेल्यास मासेही मरतात, म्हणून तळ्याच्या वा ओढ्याच्या काठी असलेल्या शाळेने तर ती टाळावीच.

उरल्या निंबोळी व करंज. निंबोळीच्या पेंडीत सुमारे ५ टक्के व करंजाच्या पेंडीत सुमारे ४ टक्के नत्र असते. दोन्ही कडू असल्यामुळे कुत्री व उंदीर त्यांच्या वाटेस जात नाहीत. करंज मिळत असेल तर तो चालेल. दोन्ही मिळत असतील तर निंबोळी घ्यावी. तिच्या कडूपणाने जमिनीतील काही सूत्रकृमी व किडी यांना आळा बसतो, आणि दुसरा एक विशेष गुण तिच्यात आहे. जमिनीतील अमोनियाच्या रूपातील नत्राचे नायट्रेट बनविणाऱ्या जीवाणूंची गती निंबोळीतील द्रव्ये मंद करतात. नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर सहज वाहून जाते, अमोनियाचे रूप मातीस धरून राहते. याच गुणामुळे २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सर्व युरियास निंबोळी तेलाचा लेप देणे बंधनकारक करण्यात आले. जो गुण कारखान्यात युरियास बाहेरून चोपडावा लागतो तो पेंडीत मुळातच असतो.

निंबोळी पेंड सुरक्षित असली तरी ती खाण्याची वस्तू नव्हे. पोते उघडताना नाकास फडके बांधावे व काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. आणखी एक दक्षता कटाक्षाने घ्यावी : कोणतेही खत, मग ते कितीही निर्मळ असो, शालेय पोषण आहाराचा तांदूळ व डाळी ज्या खोलीत ठेवल्या जातात त्या खोलीत ठेवू नये. शाळेत खोल्या कमी असतात व कुलूप एकाच खोलीस असते, ही अडचण खरी आहे. तरीही पोते दुसरीकडे, उंचावर व नाव लिहून ठेवावे. त्यासाठी डाळीचे वा पिठाचे रिकामे पोते वापरू नये.

विकत घेताना पिशवीवर छापलेली नत्राची टक्केवारी पाहावी. बाजारात साल व टरफल मिसळलेली पेंडही निंबोळी पेंड म्हणूनच मिळते आणि तिच्यात नत्र पुष्कळच कमी असते. मातीची भेसळ ओळखण्याची रीत सोपी आहे. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर पेंड ढवळावी व पाच मिनिटे स्थिर ठेवावी. वाळू असल्यास ती तळाशी वेगळी बसते. पेंड बुरसलेली, ओली वा गोळे झालेली असू नये.

गणिताचा एक तास

हिरवळीस एका वेळी साधारणपणे दर १०० चौरस मीटरला अर्धा किलो नत्र पुरेसे होते. पेंडीत ५ टक्के नत्र असेल तर त्यासाठी १० किलो पेंड लागेल, म्हणजे दर चौरस मीटरला १०० ग्रॅम. पेंडीत अडीच टक्केच नत्र असेल तर दुप्पट लागेल. हेच नत्र युरियातून द्यावयाचे तर १ किलो १०० ग्रॅमहूनही कमी युरिया पुरेल. पेंडीची भरताड एवढी जास्त का व तिच्यात नत्राखेरीज आणखी काय असते, हा प्रश्न मुलांकडूनच यावा. उरलेला भाग सेंद्रिय द्रव्याचा असतो, आणि गांडुळे व सूक्ष्म जीव त्यावरच जगतात.

पाचवीच्या वर्गाने दोरी व खुंट्या घेऊन हिरवळ मोजावी, क्षेत्रफळ काढावे व पिशवीवरील टक्केवारीवरून पेंडीचे वजन ठरवावे. पट्टा साडेसात मीटर लांब व चार मीटर रुंद असेल तर तो ३० चौरस मीटर झाला व त्यास ३ किलो पेंड पुरते. मूलोद्योग शिक्षणात ज्यास समवाय म्हणत, त्याचे याहून सोपे उदाहरण शोधावे लागणार नाही. फरक एवढाच की येथे उत्तर चुकले तर ते गवतावर दिसते.

घालण्याची रीत व वेळ

देशावर पहिली मात्रा मृगाचा पाऊस चांगला होऊन जमीन ओली झाल्यावर, म्हणजे शाळा उघडल्यानंतर पंधरा-वीस दिवसांत द्यावी. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, त्या मानाने तेथे ती पुढे जाईल. दुसरी मात्रा भाद्रपदाच्या अखेरीस, पावसाचा जोर ओसरून ओल शिल्लक असताना द्यावी. कोकणात मुसळधार पावसात जांभ्या जमिनीतून अन्नद्रव्ये झपाट्याने वाहून जातात, म्हणून तेथे जून-जुलैच्या धारेत पूर्ण मात्रा न देता ती अर्धी करावी व उरलेली पाऊस उघडू लागल्यावर द्यावी. दिवाळीनंतर कोठेही देऊ नये. उन्हाळ्यात पाण्याची खात्री असेल तेथेच फाल्गुनात एक हलकी मात्रा चालेल.

पेंडीच्या ढेपा मोगरीने कुटून पूड करावी व चाळणीने चाळावी. गोळे तसेच टाकले तर जेथे गोळा पडेल तेथे कुजताना उष्णता निर्माण होऊन गवत जळते, व आजूबाजूस काहीच मिळत नाही. चाळलेल्या पुडीत तिच्या दुप्पट चाळलेली कोरडी माती अगर पालाखत मिसळावे. आदल्या दिवशी विळ्याने गवत कापून चार-पाच सेंटिमीटर उंच ठेवावे. कापलेले गवत उचलून नेण्याची घाई करू नये. ते बारीक असेल तर तेथेच पसरू द्यावे, त्यातले नत्र त्याच जमिनीस परत मिळते. लांब व दाट असेल तर मात्र उचलून खड्ड्यात टाकावे, नाहीतर त्याखालचे गवत पिवळे पडते.

जमीन कठीण झालेली असेल तर अणकुचीदार सळईने वीत-वीत अंतरावर बोटभर खोल छिद्रे पाडावी. प्रार्थनेची जागा रोज तुडवली जात असल्याने तेथे हे काम वगळू नये. मुलांच्या हाती सळई देऊ नये. मग खताचे दोन समान भाग करून एक भाग लांबीच्या दिशेने व दुसरा रुंदीच्या दिशेने उधळावा, म्हणजे कोठे कमी कोठे जास्त असे होत नाही. पात्यांवर दव वा पाणी असताना हे काम करू नये, कारण पूड पात्यांना चिकटून बसते. खराटा उलटा धरून हलकेच फिरवला की पूड बुडाशी उतरते. त्यानंतर झारीने पाणी द्यावे. शुक्रवारी सायंकाळी शाळा सुटल्यावर हे काम केले व शनिवारी मुलांना त्या जागेवर बसू दिले नाही, तर सोमवारपर्यंत वास पुष्कळ कमी होतो.

उत्तरेकडील व बंगालमधील माळी मोहरीची पेंड पाण्यात भिजवून तिचे आंबलेले पाणी झाडांस घालतात. कुंड्यांसाठी ही रीत चांगली असली तरी शाळेत ती सुचवावी असे वाटत नाही. त्या पिंपाची दुर्गंधी वर्गापर्यंत येते आणि झाकण उघडे राहिले तर त्यात डासांची पैदास होते.

नवी हिरवळ करावयाची असेल तर

जेथे अजून नुसता मुरूम आहे तेथे पहिल्याच वर्षी पेंडीवर खर्च करण्यापेक्षा आधी ताग पेरावा. मराठीत हरळीच्या पट्ट्यासही हिरवळ म्हणतात आणि गाडावयाच्या पिकासही हिरवळीचे खत म्हणतात. येथे एकीच्या पोटातून दुसरी येते. जूनमध्ये जमीन वीतभर खणून दर १०० चौरस मीटरला अर्धा किलो तागाचे बी फेकावे. तागाच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात. सुमारे सात आठवड्यांनी, फुले येऊ लागताच पण देठ कडक होण्यापूर्वी, तो कापून बारीक करून मातीत मिसळावा व दोन-तीन आठवडे कुजू द्यावा. कुजण्यापूर्वीच लावणी केली तर नवी मुळे बिघडतात. त्यानंतर शेताच्या बांधावरून हरळीच्या काशा आणाव्यात. त्या देण्यास कोणताही शेतकरी नकार देणार नाही, उलट हसून अधिक देईल. त्या वीतभर अंतरावर रोवून दाबाव्यात.

कुंपणास गिरिपुष्प लावल्यास दरवर्षी ताग पेरण्याची गरज राहत नाही. हे झाड छाटले की पुन्हा फुटते व त्याचा कोवळा पाला नत्राने संपन्न असतो. मात्र त्याची साल व बिया उंदरास मारक असल्याने छाटणी मोठ्यांनीच करावी व शेंगा मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

पाल्याचा खड्डा

निंबाची पानगळ माघ-फाल्गुनात होते. तेव्हा आवारात पाल्याचा जो थर साचतो तो जाळल्याने सर्व सेंद्रिय द्रव्य व जवळजवळ सर्व नत्र धुराबरोबर जाते. मागे थोडी राख उरते, तिच्यात पालाश असते एवढेच. धूर मात्र वर्गात जातो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये कचरा उघड्यावर जाळण्यास देशभर मनाई केली व दंडही ठरवून दिला. तरीही काडी ओढणे सोपे असल्यामुळे ही सवय सुटत नाही.

वाळला पाला नुसता साठवला तर वर्षभर तसाच राहतो. याचे कारण त्यात कर्ब पुष्कळ व नत्र थोडे असते. कुजविणाऱ्या जीवांस सुमारे तीस भाग कर्बास एक भाग नत्र हवे असते. वाळल्या पानात हे प्रमाण पन्नासास एक किंवा त्याहून विषम असते आणि लाकडाच्या भुशात तर शेकड्यांच्या घरात जाते. सुताराच्या दुकानातला भुसा कच्चाच हिरवळीवर पसरला की गवत पिवळे पडते, ते यामुळेच : भुसा कुजविण्यासाठी जीवाणू जमिनीतले नत्र स्वतःच खाऊन टाकतात. म्हणून तीन टोपल्या वाळल्या पाल्यास एक टोपली ओला पाला, कापलेले गवत अथवा पोषण आहाराच्या स्वयंपाकातील भाजीची साले व देठ, असे थर द्यावेत. शिजवलेले अन्न टाकू नये, त्याने घुशी येतात.

या पद्धतीचा पाया आपल्या प्रदेशाच्या शेजारीच घातला गेला. इंदूर येथील संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील टाकाऊ पदार्थ थरांत रचून, ओल राखून व ठराविक अंतराने परतून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली आणि १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. इंदूर पद्धत या नावाने ती जगभर गेली. त्या रीतीत शेण व जनावरांच्या गोठ्यातील मूत्रमिश्रित माती वापरीत. शाळेत तीऐवजी ओला पाला व मूठभर जुने खत यांवर काम भागते, वेळ मात्र अधिक लागतो.

सर्व पाने सारखी नसतात. निंब, चिंच, गुलमोहर व सुबाभूळ यांची बारीक पाने लवकर कुजतात. आंबा, वड व साग यांची जाड पाने आधी तुडवून चुरावी लागतात. निलगिरीची पाने खड्ड्यात घालू नयेत. गाजर गवताविषयी विशेष सावध राहावे. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम लक्षात आलेले हे तण आज प्रत्येक आवारात आहे. त्याच्या स्पर्शाने अंगास खाज व चट्टे उठतात, काहींना दमाही जडतो. श्रमदानाच्या तासास मुलांकडून ते उपटवून घेण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे, ती बंद करावी. मोठ्या माणसांनी हातमोजे घालून ते फुलावर येण्यापूर्वी उपटले तर खड्ड्यात चालते. फुलावर आल्यानंतर नाही, कारण त्याचे बी खतातून हिरवळीत येते.

खड्डा दोन मीटर लांब, एक मीटर रुंद व पाऊण मीटर खोल असावा आणि भोवती कुंपण असावे. कोकणात व चिबड जमिनीत खड्डा पाण्याने भरतो, तेथे जमिनीवरच ढीग रचावा. थर घालताना जेवणापूर्वी मुलांनी हात धुतलेले पाणी वापरले की वेगळे पाणी लागत नाही. पाला मुठीत दाबला असता हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये, एवढी ओल पुरे. चार-पाच दिवसांनी खड्ड्यात लोखंडी सळई खुपसून ठेवावी व दहा मिनिटांनी काढावी. ती हातास चांगली गरम लागली तर काम नीट चालू आहे असे समजावे. गार लागली तर ओल किंवा ओला पाला कमी पडला आहे. पंधरा दिवसांनी, महिन्याने व दोन महिन्यांनी खड्डा परतावा. उन्हाळी सुटीत हे काम खंडित होते, हे गृहीत धरलेच पाहिजे. पावसाळ्यात कुजणे पुन्हा सुरू होते व श्रावण-भाद्रपदापर्यंत काळसर, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचे खत हाती येते. नेमकी हीच दुसऱ्या मात्रेची वेळ असते.

हे खत चाळून हिरवळीवर अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा. १०० चौरस मीटरला ते अर्धा घनमीटर लागते, म्हणजे घमेल्याच्या आकाराप्रमाणे पंचवीस ते पस्तीस घमेली. दाताळ्याने पसरून गवताची टोके वर दिसतील असे करावे. पाते पूर्ण झाकले गेले तर ते कुजते. त्या वर्षी पालाखत पुरेसे झाले असेल तर पेंडीची दुसरी मात्रा अर्धी करावी.

टंचाईच्या वर्षी, जेथे पिण्याचे पाणीही टँकरने येते तेथे, हिरवळीस पाणीही देऊ नये व खतही देऊ नये. तिला वाळू द्यावे. काशा जमिनीखाली जिवंत असतात. पाल्याचा खड्डा मात्र अशा वर्षीही भरून, वर मातीचा थर देऊन झाकून ठेवावा. चाळणीवर राहिलेले अर्धकच्चे देठ व जाड पाने फेकून न देता पुढच्या खड्ड्याच्या तळाशी विरजण म्हणून घालावीत.